तांबेभाऊंचा फाटका सूर

संध्याकाळी सात वाजले की आमच्या बिरवाडीत व्होल्टेज पडायचं. बल्ब पिवळा व्हायचा, पंख्याची पाती मोजता यायची, मिक्सर नुसता घरघरायचा आणि चटणी अर्धीच राहायची. सगळी आळी वीजवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. त्या वेळी खूश होणारा माणूस अख्ख्या आळीत एकच, आमचे शेजारी अनंत तांबे. दिवे मंदावले की हा गृहस्थ हातातला चहा टपरीच्या फळीवर तसाच ठेवून घराकडे पळायचा. चक्क पळायचा. बासष्टाव्या वर्षी, लुंगी सावरत, "पडलं रे पडलं!" असं ओरडत.

मला तर सुरुवातीला वाटलं, माणसाच्या डोक्यावर परिणाम झालेला आहे. मी महाडच्या कोर्टात कारकून, तऱ्हेवाईक माणसं रोज बघतो. पण व्होल्टेज पडल्यावर आनंदणारा माणूस मी तोपर्यंत पाहिला नव्हता.

भानगड अशी होती की तांबेभाऊ गिटार वाजवायचे. इलेक्ट्रिक गिटार. तरुणपणी मुंबईत एका ऑर्केस्ट्रात होते. मग लग्न झालं, गावी आले आणि इथल्या एका कारखान्यात कॉम्प्रेसरवर तीस वर्षं पाळ्या केल्या. जयंतीला त्यांची भीमगीतांची पार्टी असायची. गिटारीवर तांबेभाऊ आणि कोरसमध्ये त्यांची बायको, सुमनवैनी. वैनी उभ्या राहायच्या मागच्या रांगेत, पण पुढच्या माइकवाल्यापेक्षा ऐकू त्याच यायच्या.

ही गिटार ज्या पेटीतून वाजायची, ती पोलादपूरच्या एका मंडपवाल्यानं गोठ्यात टाकून दिली होती. जुना अँप्लिफायर. लोखंडी, दोघांनी उचलावा असा, आणि आत काचेच्या नळ्या. त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात, हे मला तांबेभाऊंनी निदान शंभर वेळा सांगितलं. बटण दाबल्यावर नळ्या हळूहळू लाल व्हायच्या. तोवर कुणी गिटारीला हात लावायचा नाही. "तापू दे, तापू दे," म्हणत ते पेटीजवळ उकिडवे बसायचे. आजकालच्या छोट्या मशीनचं नाव काढलं की नाक मुरडायचे. "ती डबी हाय वो. डबीतनं पापड मोडल्यागत आवाज येतो."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "सूर फाटाया पायजे, उसवाया नाय."

हे मला कळायला चार वर्षं लागली. ही पेटी हळू आवाजात सरळ वाजते, शाळेत कविता म्हटल्यासारखी. तिच्या ताकदीच्या टोकाला नेली, की मग सूर फाटतो, जाड होतो, लांबतो आणि रडतो. पण टोकाला नेईपर्यंत आमच्या फळीवरचे डबे नाचायला लागतात. मात्र विजेचा दाब कमी असला की पेटी लवकर दमते आणि बटण निम्म्यावर असतानाच सूर फाटतो. "पोटभर वीज भेटली का हिला माज येतो," तांबेभाऊ म्हणायचे. "अर्धपोटी राबवा, मंग बघा कशी रडते ती!" म्हणून सातची ती धावपळ.

आणि परीक्षक वैनी. त्या चुलीपाशी असायच्या, मान वर न करता ऐकायच्या. "अजून नाय," म्हणायच्या. तांबेभाऊ बटण एवढंसं फिरवायचे. "नाय गो?" "नाय." पुन्हा एवढंसं. मग एकदम आतून आवाज यायचा, "आला!" आणि त्यापाठोपाठ त्या गायलाच लागायच्या, भाकरी थापता थापता. त्यांचाही आवाज तसाच होता, थोडा फाटलेला. मग अर्धा तास आमच्या घरात कुणाला कुणाचं बोलणं ऐकू यायचं नाही.

आता माझं पाप सांगतो. स्पीकरचा खोका पडवीत असायचा. एका संध्याकाळी माझं डोकं असं ठणकत होतं की मला खून चढला. पण मी पडलो सभ्य माणूस. भांडण नको म्हणून गुपचूप त्यांच्या पडवीत गेलो आणि स्पीकरची वायर उपसली. आवाज बंद. मी मनात म्हटलं, सुटलो! आत तांबेभाऊंना वाटलं पेटी रुसली, म्हणून त्यांनी बटण शेवटपर्यंत नेलं. पाच मिनिटांत जळका वास आला. व्हॉल्व्हच्या पेटीचा स्पीकर काढून ती जोरात वाजवली की आतला ट्रान्सफॉर्मर जळतो, हे मला कुठून माहीत असणार? मला वाटलं नळ बंद करावा तसं आहे हे.

तिसऱ्या दिवशी मी कबूल केलं. तांबेभाऊ भांडले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं म्हणाले, "अवो, मना सांगायचा होता. मीच बंद केला असता." महाडला मोटारी वाइंडिंग करणारा एक कारागीर आहे, त्याच्या डोक्यावर दोन रविवार बसून मी तो ट्रान्सफॉर्मर नव्यानं गुंडाळून आणला. त्या संध्याकाळी आतून "आला!" ऐकू आल्यावर माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. बायको म्हणाली, आता तुम्हीपण गेलात कामातून.

दोन वर्षांपूर्वी वैनींना दम लागायला लागला. आधी चढणीवर, मग अंगणात, मग बसल्या जागी. चुलीचा धूर म्हणा, की गोदामात वीस वर्षं पावडर भरली ते म्हणा, डॉक्टरांनाही नक्की सांगता येईना. फुप्फुसं आतून कडक होत चालली होती. बरं होणार नव्हतं, जपायचं तेवढं होतं. घरी ऑक्सिजनचं मशीन आलं, स्टुलाएवढं, दिवसरात्र घुमणारं. वैनींच्या नाकाला नळी आणि बोटाला तो चिमटा, ज्यावर आकडा दिसतो. नव्वदच्या वर असला की तांबेभाऊ जेवायचे.

मशीन आलं त्या पहिल्याच संध्याकाळी दिवे मंदावले. सवयीनं तांबेभाऊ टपरीवरून उठले, "पडलं रे..." एवढं बोलले आणि थांबले. मग पळाले. पण तसे पळताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. घरात मशीन पीं पीं करून कोकलत होतं. स्टॅबिलायझर टकटक करून गप्प बसला होता. वैनींच्या गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. आम्ही दोघांनी मोठा सिलिंडर ओढत आणला, नळी बदलली, आणि नऊ वाजेपर्यंत चिमट्याकडे बघत बसलो. मग हे रोजचंच झालं. ज्या सातची हा माणूस दिवसभर वाट बघायचा, त्या सातला आता पाच वाजल्यापासून भ्यायचा.

नवी डीपी, म्हणजे आळीसाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर, बसवा म्हणून मी अर्ज लिहिला. कोर्टातली सगळी जड भाषा त्यात ओतली. सह्यांना घरोघर तांबेभाऊच फिरले. लोक हसले त्यांना. "काय तांबे, सूर्य पश्चिमेला उगवला काय?" त्यांनी नुसतं पेन पुढे केलं.

वीज कार्यालयात तीन खेपा झाल्या. त्यांचा माणूस येऊन मोजून जायचा, सकाळी अकराला. अकराला व्होल्टेज राजासारखं! कागदावर सगळं छान. चौथ्या खेपेला एक तरुण इंजिनीअर मॅडम नवीन आल्या होत्या. तांबेभाऊंनी खिशातून मोबाइल काढला. मी कपाळावर हात मारला, कारण मला माहीत होतं आता काय होणार ते.

"मॅडम, ही माझी गिटार सकाळची. आन् ही सातची, जुनी. पेटी तीच, बटण तिथंच, हात माझाच. फरक ऐका म्हंजी कळेल तुमाला किती पडतं ते."

मॅडमनी दोन्ही ऐकलं. नीट ऐकलं, डोळे मिटून. आणि म्हणाल्या, "काका, पण दुसरं कितीतरी चांगलं वाजतंय."

"चांगलाच हाय तो मॅडम," तांबेभाऊ म्हणाले. "आख्खी जिंदगी त्याच्यामागं लागलोय. तो बंद करा."

मॅडमना काही कळेना. मग मी सगळं सांगितलं, मशीन, नळी, सिलिंडर. दुसऱ्या दिवशी सातच्या ठोक्याला मॅडम स्वतः मीटर घेऊन आळीत हजर. दोनशे तीसच्या जागी एकशे चौसष्ट! दोन महिन्यांत नवी डीपी उभी राहिली.

पहिल्या दिवशी सात वाजले, साडेसात वाजले, बल्ब पांढरा शुभ्र. मशीन शांत घुमत होतं. आळीत कुणीतरी नारळ फोडला. वैनी म्हणाल्या, "वाजवा की आता." तांबेभाऊंनी पेटी तापवली. सूर आला तो स्टीलच्या ताटावर चमचा आपटावा तसा. कोरडा, स्वच्छ, मेलेला. बटण वाढवावं तर मशीनच्या शेजारी घर हादरणार. त्यांनी गिटार भिंतीला टेकवली आणि म्हणाले, "झाक हाय. लाइट झाक हाय."

मला राहवेना. पूर्वीचं पाप होतंच डोक्यावर. मी त्या वाइंडिंगवाल्याला गाठलं. तो म्हणाला, सोपं आहे, डिमर लावा. त्यानं एकाच वस्तूचं व्होल्टेज खाली आणता येतं, बाकी घर पोटभर जेवतं. मी तो डिमर महाडवरून मांडीवर घेऊन आलो, तांबेभाऊंच्या हातात दिला आणि त्याच संध्याकाळी बायकोला घेऊन सव गावी मेहुण्याकडे गेलो. मनात म्हटलं, आता पुन्हा "आला" ऐकू येणार.

चार दिवसांनी परत आलो तर भिंतीपलीकडून तोच चमच्याचा आवाज. वर सूरही चुकत होते. तांबेभाऊंचा सूर चुकतोय? तार केसाएवढी उतरली तरी जेवण सोडणारा हा माणूस! पार्टीवाले एकदा ऐकून गेले आणि जयंतीला महाडचा दुसरा गिटारवाला ठरवला. टपरीवर लोक तोंडावर म्हणाले, तांबे संपला. तांबेभाऊ मान हलवून हो म्हणाले. माझा संताप झाला. एवढा डिमर आणून दिला तो काय लोणचं घालायला?

तडक त्यांच्या घरी गेलो. डिमर कॉटखाली, वर टॉवेल टाकलेला. वैनी उशांना टेकून बसल्या होत्या. दोन शब्दांत एक श्वास घेत म्हणाल्या, "भावजी... हात गेले वो यांचे... जीव तुटतो माझा... ऐकताना."

"गेले," तांबेभाऊ म्हणाले. "वय झाला गो." आणि माझ्यादेखत त्यांनी गिटारीवर बोट एक पट्टी पुढे ठेवलं. मुद्दाम. मी बघत होतो, मुद्दाम.

पडवीत नेऊन मी त्यांना धरलंच. "काय चाललंय हे?"

"तुमचा डिमर लय बेस हाय," ते म्हणाले. "लावला त्या दिशीच सूर आला. असा आला, असा आला की... सात वर्षांत आला नव्हता. ती बोलली, आला! आन् उठून बसली. गाया लागली वो. दोन ओळी गायली पुरत्या. वरच्या पट्टीत." त्यांनी लुंगीच्या टोकानं तोंड पुसलं. "आकडा चौऱ्याहत्तर. ओठ निळे. रिक्षात घालून महाडला नेली. डॉक्टर बोलला, गाणा सोडा, जोरात बोलायचा पन नाय. तिला कळतं सगळा. पन सूर आला का तिला राहवत नाय. तिची काय चूक? चाळीस वर्सं मीच हाका मारल्यात तिला त्या सुरानं."

"मग बंदच करा ना वाजवणं."

"बंद केला तर बोलेल, माझ्यापायी बंद झाला. हाय खाईल. त्यापरीस हात गेलेले बरे."

कोर्टात रोज खोटं ऐकतो मी, शपथेवरचं. असलं कधी ऐकलं नव्हतं.

आम्ही आत गेलो. वैनींनी मला विचारलं, "तुमीच सांगा भावजी... पैला कसा वाजवायचे?" मी म्हटलं, "वय कुणाला चुकलंय वैनी?" त्यांनी मान हलवली. तांबेभाऊ पुन्हा वाजवायला बसले, तसंच, कोरडं, चुकतमाकत. वैनी थोडा वेळ कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिल्या. मग कंटाळल्या. हळूहळू त्यांचे डोळे मिटले, श्वास संथ झाला. चिमट्यावर त्र्याण्णव.

"झोपल्या," मी हळूच म्हटलं. "आता तरी एकदा नीट वाजवा. हळू आवाजात. मला तरी ऐकवा."

तांबेभाऊंनी नळीला पीळ पडलाय का ते वाकून पाहिलं, वैनींच्या अंगावरची चादर सारखी केली, आणि चुकीच्या पट्टीवर बोट ठेवलं.

"नको," ते म्हणाले. "झोपेतपन ऐकते ती."