थीरा लुन्सगोर हिच्या ठशाच्या खरेदीबाबत

मानवी संस्कृतीचा इतिहास हा मुळात ठशांचा इतिहास आहे. राजे गेले, राज्यं बुडाली, मुद्रा तेवढ्या उरल्या. ज्याचा ठसा नाही त्याचं या जगात काहीच नाही, असं आमच्या मंडळाच्या घटनेच्या पहिल्या कलमात म्हटलं आहे आणि त्याखाली मंडळाचा अधिकृत ठसा उमटवण्यासाठी चौकोनी जागा सोडली आहे. ती जागा अजून मोकळी आहे. ठसा कुणाकडे तरी आहे.

मंडळ म्हणजे टोरुपविग हस्तनिर्मित पाइपकार सहकारी मंडळ. (तंबाखूचे पाइप, नळाचे नव्हेत. वर्षाकाठी तीन-चार जण न्हाणीघर गळतंय म्हणून आमच्याकडे येतात. आम्ही त्यांना कॉफी देतो.) सभासद बारा. सभा दर गुरुवारी, फ्योर्डच्या काठावरच्या, हेरिंग मासळीच्या जुन्या गोदामात. गोदामाला अजून वास आहे, पण गेल्या एकोणीस वर्षांत तो कोणी इतिवृत्तात आणलेला नाही.

पाइप तयार झाला की त्याच्या दांडीवर करणाऱ्याचं नाव उमटवायचं, अशी आमच्या धंद्याची रीत आहे. दांडीच्या भोकात सळई घालायची, म्हणजे दांडी तडकत नाही. वर पोलादी ठसा टेकवायचा आणि हातोडीचा एकच घाव. दुसरा मारला तर अक्षरांना सावल्या फुटतात. थोडक्यात, दोन महिने घासलेल्या पाइपचं पुढे काय होणार हे अर्ध्या सेकंदात ठरतं. अशा वस्तूची खरेदी एकट्यादुकट्यावर सोडणं धोक्याचं, म्हणून आमचा नियम नववा सांगतो: कोणताही सभासद स्वतःचा ठसा स्वतः मागवणार नाही; तो मंडळ मागवील. या नियमाला इतिहास आहे. पूर्वी एका सभासदाने स्वतःच्या मनाने ठसा मागवला होता. अक्षरं चार मिलिमीटरची, आणि वर मुकुट. ते गृहस्थ पुढे स्वीडनला गेले. त्याहून जास्त आम्ही बोलत नाही.

जानेवारीत थीरा लुन्सगोर हिचा अर्ज आला. थीराचं वय चौऱ्याहत्तर. गेली तेहतीस वर्षं लुन्सगोरांच्या कारखान्यातला प्रत्येक पाइप तिने केला आणि प्रत्येकावर ठसा पडला तो तिच्या नवऱ्याचा, व्हिगोचा. व्हिगो मोठा मनमिळाऊ माणूस. तो गिऱ्हाइकांशी बोलायचा. व्हिगो वारला त्याला सहा वर्षं झाली, तरी त्याच्या नावाचे पाइप येतच राहिले. एका संग्राहकाने तर पाइपांच्या त्रैमासिकात लिहिलं, की अलीकडे व्हिगोचा हात पूर्वीपेक्षा मोकळा झाला आहे.

थीराच्या अर्जात चार वाक्यं होती. ऑक्टोबरात कोपनहेगनच्या प्रदर्शनासाठी ती सात पाइपांचा संच करत होती, आठवड्याच्या प्रत्येक वाराला एक. डॉक्टरांच्या मते तिचे अंगठे एवढं वर्ष काढतील, पुढचं सांगता येत नाही. तेव्हा हा संच शेवटचा. त्यावर तिला स्वतःचं नाव हवं होतं.

मागणी साधी असल्यामुळे ती समितीकडे गेली. खरेदी समितीत अकरा जण होते. (सगळ्यांना घ्यावं लागलं. कुणाला वगळणं बरं दिसलं नसतं.) थीरा स्वतः अर्जदार, म्हणून चर्चा चालू असताना तिने स्वयंपाकघरात बसावं असं ठरलं. कॉफीही तिथेच होते. योगायोगाने त्या वर्षी कॉफी फार चांगली मिळाली.

पहिल्या सभेत अध्यक्ष प्रेबेन याने मूलभूत प्रश्न मांडला.

"व्हिगोचा ठसा झिजलाय का?"

"नाही," थीरा दारातून म्हणाली.

"मग त्याला वाईट काय आहे?"

"त्याच्यावर व्हिगो लिहिलंय."

यावर बराच विचार झाला. आमच्यातला सर्वांत जुना सभासद ओलुफ म्हणाला, "आडनाव तर तेच आहे. पहिल्या नावाचं एकच अक्षर ठेव. सुटसुटीत दिसेल."

"नुसत्या 'टी'ने टॉर्बेनही होतो आणि टाग्येही होतो. मी थीरा आहे. पूर्ण नाव हवं."

"पंधरा अक्षरं झाली की, थीरा."

"बारशाला मला कोणी विचारलं नव्हतं, ओलुफ."

पंधरा अक्षरांना (आमच्या रोमन लिपीत नाव तेवढं भरतं) मंजुरी मिळाली, सात विरुद्ध चार. मात्र भरपाई म्हणून अक्षरांचा आकार दोन मिलिमीटरवरून एक पूर्णांक आठवर आणावा, अशी उपसूचना आली. आमच्याकडे स्वतःला कोणीतरी समजणं हा दुर्गुण मानतात. लहान मुलांना गोवर आणि हा, दोन्ही वेळेत होऊन गेलेले बरे. पुढच्या सभेत वाटलं, एक पूर्णांक आठही जरा मिरवल्यासारखंच. तेव्हा दीड. ईस्टरनंतर सव्वा. मेच्या सभेत एका सभासदाने भिंगातून पाहून सांगितलं की सव्वा मिलिमीटर लांबूनही वाचता येतं, तेव्हा एकमताने नऊ दशांश ठरलं. थीरा कॉफी ओतत होती. तिने ओलुफचा कप काठोकाठ भरला, आणि वर थोडा.

आता ठसा करणारा निवडायचा होता. याबाबतीत आमच्या पद्धतीचं अनुकरण इतरांनी करावं असं मला प्रामाणिकपणे वाटतं. आम्ही तीन ठिकाणी पत्रं पाठवली आणि शंभर गुण ठरवले. पत्राच्या सुराला चाळीस. पत्राच्या लांबीला वीस (जितकं आखूड तितके जास्त). टोरुपविगपासूनच्या अंतराला वीस. नमुन्याला पंधरा. पोलादाला पाच.

जर्मनीतल्या कारखान्याने अकरा पानं पाठवली. पोलादाचा कठीणपणा, गोल दांडीसाठी ठशाला द्यायचा बाक, सगळं आकड्यांत. शेवटी लिहिलं होतं, की हा ठसा दहा हजार वेळा मारला तरी अक्षर झिजणार नाही.

"दहा हजार," प्रेबेन म्हणाला. "कुणी विचारलं होतं का त्याला?"

कुणीच विचारलं नव्हतं. गुण सतरा.

इंग्लंडमधल्या कारखान्याचं पत्र दोन ओळींचं. "हे काम आम्हाला चांगलं येतं. नाव आणि मापं पाठवा." सोबत लाकडाची एक पट्टी, तिच्यावर नमुन्याचा ठसा मारलेला. पट्टी हातोहात फिरली. अक्षरांच्या कडा अशा होत्या की ओलुफने दोनदा अंगठा फिरवला आणि पट्टी पुढे द्यायची तो विसरला. मग त्याला भान आलं.

"चांगलं येतं म्हणे. स्वतःच स्वतःचं?"

पत्राच्या सुराला शून्य. एकूण गुण सदतीस.

तिसरं पत्र शेजारच्या गावातल्या क्रेस्टेन टॉफ्टचं. ते इतिवृत्तात पूर्ण उतरवून घेतलं आहे. "मी गुरांच्या कानातल्या बिल्ल्यांचे ठसे करतो. एवढं बारीक कधी केलेलं नाही. पोलादाला पाणी देऊन ते कडक करायला मला नीट जमत नाही, असं बायको म्हणते, आणि ती खोटं बोलत नाही. बघतो करून. नाही जमलं तर वाईट वाटून घेऊ नका. दुसरा कोणी मिळाला तर त्याला द्या."

पत्र वाचून झालं. प्रेबेनने चष्मा पुसला. गुण अठ्ठ्याहत्तर.

थीरा कॉफीचं भांडं घेऊन दारात उभी होती. "पण त्याला येत नाही, असं तो स्वतःच सांगतोय."

"तेच तर," प्रेबेन म्हणाला.

थीरा आत गेली.

क्रेस्टेनचा ठसा ऑगस्टच्या शेवटी आला. सुपूर्द करण्याआधी तो तपासणं समितीचं कर्तव्य होतं. तपासायचा कुणी, हा प्रश्न समानतेच्या तत्त्वाने सुटला: अकरा जणांनी प्रत्येकी तीन घाव मारावेत. ओलुफचा एक घाव टेबलावर पडला म्हणून त्याला एक वाढवून दिला. एकूण घाव चौतीस, तेहतीस ओकच्या फळीवर. पहिल्या चार घावांत 'थीरा लुन्सगोर' स्वच्छ वाचता येत होतं (भिंगातून). दहाव्याला आडनाव जरा मागे सरलं. विसाव्यानंतर अक्षरं अंग चोरू लागली. हा विनय समितीच्या नजरेतून सुटला नाही. त्याची नोंद 'समाधानकारक' अशी झाली. फळी खिळ्याने भिंतीवर लावली आणि ठसा कापसात गुंडाळून, छोटंसं भाषण करून, थीराला दिला.

तिने तो घरी नेला आणि सोमवारच्या पाइपवर मारला.

दुसऱ्या दिवशी मी काही कागदांवर सही घ्यायला तिच्याकडे गेलो होतो. पाइप खिडकीत ठेवला होता. दांडीवर बारीक खळग्यांची एक ओळ होती, जणू एखादा उंदीर चावायला लागला आणि त्याने विचार बदलला.

"पाणीच दिलेलं नाही," ती म्हणाली. "लोखंड मऊ आहे, लोण्यासारखं. त्याने कळवलं होतं तसं." तिने कानशीने ठशाचा कोपरा घासून दाखवला. कानस भाकरीत शिरावी तशी शिरली.

"क्रेस्टेन प्रामाणिक माणूस आहे," मी म्हणालो.

"फार."

तिने तो खळग्यांचा थर घासून काढला. त्याला चार दिवस लागले. अंगठ्यांना पट्ट्या बांधून ती घासत होती. बाकीच्या सहा पाइपांच्या मानाने सोमवारची दांडी थोडी बारीक झाली आहे. माहीत असेल तरच दिसते.

पुढची हकीकत खेदजनक आहे. प्रदर्शनाला साडेचार आठवडे उरले असताना, समितीने फेरतपासणीसाठी पोटसमिती नेमण्याचा विषय वेळेवर पटलावर घेतलेला असताना, थीराने नियम नववा मोडला. इंग्लंडला एक पत्र लिहिलं. नाव, दांडीची गोलाई, अक्षरं दोन मिलिमीटर. नवव्या दिवशी ठसा आला.

सभेत ती या वेळी स्वयंपाकघरात बसली नाही. टेबलाशी बसली. कॉफी प्रेबेनने केली. त्याबद्दल काही न लिहिणंच बरं.

"थीरा, तू ठसा एकटीनेच मागवलास?"

"हो."

"कुणाकडून?"

"ज्याने लिहिलं होतं की येतं, त्याच्याकडून."

"मग?"

"त्याला येतं."

प्रेबेनने विचारलं, तिला काही खुलासा करायचा आहे का. ती म्हणाली, "तेहतीस वर्षं मी दुसऱ्याचं नाव मारलं, तेव्हा तुम्ही कोणी खुलासा मागितला नाही. आता स्वतःचं मारलं तर मागताय. मला आगबोट गाठायचीय." आणि सात पाइपांची पेटी काखेत मारून ती गेली.

तिच्या माघारी अकरा सह्यांनिशी नापसंतीचा ठराव मंजूर झाला. तो तिला कळवण्याचं काम कार्यवाह म्हणून माझ्याकडे आलं.

प्रदर्शन आम्ही सगळ्यांनी पाहिलं. (मंडळाची सहल म्हणून. नापसंती वेगळी, सहल वेगळी.) सात पाइप निळ्या कापडावर ओळीने ठेवले होते. लोक वाकून दांडीवरचं नाव वाचायचे आणि मग सरळ उभे राहून या बाईंना शोधायचे. बाई कोपऱ्यात राय धान्याच्या काळ्या पावावर हेरिंग खात उभ्या होत्या. त्रैमासिकाचे ते संग्राहकही आले होते. त्यांनी सोमवारचा पाइप उचलून दांडीवरचं नाव वाचलं. मग म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं..." आणि पाइप परत कापडावर ठेवला.

टोरुपविगला परतल्यावरच्या आठवड्यात थीराच्या स्वयंपाकघराचं दार बरंच वाजलं. सोमवारी ओलुफ आला. त्याला सहज, अगदी सहज, त्या इंग्लंडच्या कारखान्याचा पत्ता हवा होता, पुतण्यासाठी. (ओलुफला पुतण्या नाही. पत्ता दप्तरातही आहे, पण तिथून घेतला की नोंद होते.) मंगळवारी दोघे आले. बुधवारी प्रेबेन मागच्या दाराने आला आणि पुढच्या दाराने आलेल्या दोघांना भेटला. शुक्रवारपर्यंत दहा जण झाले. थीराने प्रत्येकाला कॉफी दिली, पत्ता दिला, आणि विचारलं, "अक्षरं केवढी?" तेव्हा प्रत्येकाने आवाज खाली आणून आकडा सांगितला. नऊ दशांश कुणीच म्हणालं नाही.

इथवर वाचून ज्यांना आमची गंमत वाटली, त्यांना एक नम्र प्रश्न. तुमच्या सोसायटीचा, मंडळाचा, शाळेचा अहवाल छापून येतो तेव्हा तुम्ही आधी मुखपृष्ठ पाहता, की थेट शेवटच्या पानांवरची बारीक टायपातली यादी, आणि त्यातही एकच ओळ? उत्तर पाठवू नका. आमच्याकडे त्याची समिती नाही.

अकरावा मी. माझं पत्र त्या शनिवारी गेलं. त्याची नक्कल दप्तरात आहे, म्हणून इथे देतो.

"प्रिय थीरा, नियम नवव्याचा भंग करून तू स्वतःच्या नावाचा ठसा परस्पर मागवलास, याबद्दल मंडळ एकमताने तीव्र नापसंती व्यक्त करत आहे. असं पुन्हा होऊ नये. तुझा, कार्यवाह.

ता. क. त्या लोकांना पुन्हा लिहिणार असशील तर माझंही नाव कळव. दोन मिलिमीटर चालेल. सव्वादोन झालं तरी मी कुणाला बोलणार नाही."