पातळ मुरंबा

शनिवारी सकाळी वर्नेल ट्रॉटरनं अंजिराच्या मुरंब्याची पहिली बरणी उघडली, त्यात चमचा उभा केला, आणि चमचा सावकाश आडवा झाला.

"पातळ झालाय," हॉलिस म्हणाला.

"पहिल्या बहराच्या अंजिराला पाणी जास्तच असतं," वर्नेल म्हणाली. "ह्या बरणीसाठी अठरा वर्षं थांबलेय मी. नावं ठेवायची तर सामना जिंकून ये आणि मग ठेव."

अठरा वर्षं हा आकडा तिनं फुगवलेला नव्हता. हॉलिस ट्रॉटर कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा बचावाचा कोच. म्हणजे आपली पोरं चेंडू काखोटीला मारून धावत असली की हा गृहस्थ बाजूला उभा राहून उकडलेल्या शेंगा खाणार, आणि समोरचे धावायला लागले की त्यांना आडवं कसं पाडायचं ते आपल्या अकराजणांना सांगणार. समोरचे आडवे झाले तर पोरं गुणाची, नाही झाले तर कोच बिनकामाचा, हा ह्या धंद्यातला न्याय. त्या न्यायानं हॉलिसनं आठ कॉलेजं पाहिली होती आणि आठांनी त्याला. प्रत्येक गावी वर्नेल परसात आपल्या माहेरच्या अंजिराची फांदी लावायची. अंजिराला फळ धरायला तीन वर्षं लागतात आणि हॉलिसची नोकरी दोन वर्षं टिकायची. निघताना ती झाडाची एक फांदी तोडून ओल्या फडक्यात गुंडाळायची आणि सामानाच्या ट्रकात तान्ह्या पोरासारखी मांडीवर घेऊन बसायची. आठ गावांत तिची आठ झाडं उभी होती आणि आठ परक्या बायका त्यांचा मुरंबा घालत होत्या.

अलाबामातलं पिकेट्स बेंड कॉलेज हे नववं. इथं हॉलिसनं कसंबसं तिसरं वर्ष गाठलं, आणि त्या उन्हाळ्यात झाडाला चाळीस अंजीर लागले. चाळीस अंजीर, पाच बरण्या. पण ऑक्टोबर उजाडेपर्यंत टीम ओळीनं चार सामने हरली होती. शुक्रवारी हेड कोच बक पेटिग्रूनं हॉलिसच्या खांद्यावर हात ठेवला. ह्या धंद्यात कुणी शिव्या दिल्या तर भ्यायचं नसतं, खांद्यावर हात ठेवला की भ्यायचं.

"हॉलिस, उद्या हरलो तर सोमवारी टेबल रिकामं कर," बक म्हणाला. "आणि वर्नेलला माझा नमस्कार सांग."

हॉलिसनं ना टेबलाचं सांगितलं, ना नमस्कार. पण बकच्या बायकोनं वर्नेलला चर्चच्या पायरीवर गाठून, रिकामी खोकी हवी असतील तर आमच्याकडे पडलीत, असं फार मायेनं सांगितलं होतं. त्यामुळे कुणी न सांगता सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. वर्नेलनं एक गरम पाव कापला, त्यात मुरंबा ओतला (पसरण्याजोगा तो नव्हताच), कागदात गुंडाळला आणि हॉलिसच्या पँटच्या मागच्या खिशात कोंबला.

"जिंकल्यावर खा. हरलास तर परत आण."

आता, बचावाचा कोच मैदानात ओरडून काही सांगू शकत नाही. वीस हजार माणसं ओरडत असताना त्याचं कोण ऐकणार. तो खुणा करतो. कानाला हात लावला की सगळे मागं सरकणार, टोपी फिरवली की दोघं आत घुसणार, डावी मांडी थोपटली की डावीकडे गर्दी. हॉलिसच्या खुणा होत्या एकशे चाळीस. त्यांची त्यानं वही केली होती. पोरं परीक्षेचं पुस्तक एक वेळ विसरत, ती वही विसरत नसत. आणि खुणा करायला हॉलिस उभा राहायचा तो ठरलेल्या जागीच, मैदानाच्या कडेला, पाण्याच्या पिंपाच्या डाव्या हाताला. तिथून तो पाऊलभरही हलायचा नाही. जागा शुभ होती म्हणे. चार सामने हरूनही ती शुभ कशी, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

त्या आठवड्यात पाऊस झाला होता, आणि त्या शुभ जागी लाल मुंग्यांनी वारूळ काढलं होतं.

तीन तास काही झालं नाही. मुंग्या घरात होत्या आणि मुरंबा कागदात होता. शेवटचं एक मिनिट उरलं तेव्हा पिकेट्स बेंडची टीम चार गुणांनी पुढं होती. पण समोरचे गोलरेषेपासून पाच पावलांवर येऊन ठेपलेले, आणि हातात चार डाव. चारांतल्या एकात जरी ते पलीकडे पोचले, तरी टेबल गेलं, झाड गेलं. नेमका तेव्हाच पातळ मुरंबा कागदाला न जुमानता खिशातून निघाला, पँटवरून ओघळत बुटापर्यंत पोचला, आणि खाली बातमी गेली.

पहिली मुंगी डाव्या मांडीला कडकडून चावली. हॉलिसनं मांडीवर फाडकन थाप मारली. दुसरी मानेवर पोचली होती. तो मान चोळतोय तोवर तिसरीनं गुडघा धरला, म्हणून गुडघा झटकला. मैदानातली पोरं त्याच्याकडे टक लावून बघत होती. समोरचे धावले, आणि जागच्या जागी पडले. दुसरा डाव. हॉलिस एका पायावर नाचत होता, टोपीनं पाठ झोडत होता. समोरचे पुन्हा पडले. तिसऱ्या डावाला त्यानं पाण्याचं पिंप स्वतःच्या अंगावर उपडं केलं. समोरचे पडलेच, वर एक पाऊल मागं ढकलले गेले. चौथ्या डावाला मात्र मुंग्या अशा मुक्कामी पोचल्या की हॉलिस ट्रॉटरनं, वय वर्षं बावन्न, चर्चचा नेमस्त सभासद, वीस हजार माणसांच्या आणि टीव्हीच्या साक्षीनं पट्टा सोडून पँट घोट्यापर्यंत खाली केली. समोरच्या कप्तानानं ते पाहिलं. चेंडू फेकायचा हात त्याचा तसाच वर राहिला. फेकला तेव्हा तो थेट पिकेट्स बेंडच्या जेरिको बँक्सच्या छातीवर जाऊन बसला, आणि सामना पिकेट्स बेंडचा झाला.

टीव्हीवरच्या माणसानं सांगितलं की त्यानं उभ्या जन्मात इतक्या गुंतागुंतीच्या खुणा पाहिल्या नाहीत. वार्ताहर धावत आले तेव्हा हॉलिस कमरेइतक्या बर्फाच्या पाण्यात बसला होता. हा बचाव बसवायला किती काळ लागला, असं त्यांनी विचारलं. हॉलिसला खोटं बोलायची सवय नव्हती, पण प्रश्न टाळायची त्याहून नव्हती.

"अठरा वर्षं," तो म्हणाला.

बकनं ह्या वेळी खांद्यावर हात ठेवला नाही, सरळ मिठी मारली.

सोमवारी थॅडियस कल्पेपर आला. दोनशे मैलांवरच्या बड्या विद्यापीठाचं सगळं खेळखातं त्याच्या हाताखाली. तो स्वतःच्या विमानातून आला आणि वर्नेलच्या स्वयंपाकघरात, पाहुण्यासारखा कमी आणि मालकासारखा जास्त, ऐसपैस बसला. पगार तिप्पट, तळ्याकाठी घर. फक्त गुरुवारी येऊन हॉलिसनं तो बचाव फळ्यावर काढून दाखवायचा. अशा बोलावण्याची हॉलिस अठरा वर्षं वाट पाहत होता. त्याची छाती फुगली, आणि वर्नेलनं खिडकीतून परसातल्या झाडाकडे पाहिलं.

मंगळवारी तो त्या चार डावांचं चित्रण लावून, वही घेऊन बसला. आपण नेमक्या काय खुणा केल्या ते एकदा कळलं की झालं, असा त्याचा हिशेब. पण वहीप्रमाणे पोरं डावीकडे जायला हवी होती, ती उजवीकडे गेली होती. मागं सरायला हवी होती, ती पुढं घुसली होती. एकही खूण जुळेना. शेवटी त्यानं जेरिकोला बोलावलं.

जेरिको बँक्स, सव्वाशे किलोचा गडी, दाराशी अंग चोरून उभा राहिला.

"कोच, खरं सांगू? रागावणार नाही ना?"

"सांग."

"तुम्ही नाचायला लागलात तेव्हा आम्हाला वाटलं, कोचच्या अंगात आलंय. मी पोरांना म्हटलं, त्यांचं देवाशी बोलणं चाललंय, मधे बोलू नका. तिकडं बघूच नका. ज्याला जिथं जावंसं वाटतं तिथं जा आणि समोर येईल त्याला पाड."

हॉलिसनं वही पुढं केली. "आणि आधीचे चार सामने?"

"तेव्हा आम्ही तुमच्याकडे बघत होतो, कोच."

वही मिटली. मग हॉलिसनं विचारलं, "म्हणजे माझं तिथं कामच काय?"

"असं कसं कोच," जेरिको मनापासून म्हणाला. "तुम्ही हलत राहा. आम्ही नाही बघितलं तरी समोरचे तुमच्याकडेच बघत असतात."

दुसरा कुणी असता तर खचला असता. हॉलिस घरी पोचेपर्यंत त्याला पटलं होतं की पोरांना स्वतःच्या बुद्धीनं खेळायला आपणच शिकवलं, फक्त तसं ठरवलं नव्हतं. बड्या विद्यापीठातही हे चालून जाईल. फळ्यावर काय, चार बाण काढले की झालं. तो परसात आला. वर्नेल हातात कात्री आणि ओलं फडकं घेऊन झाडाशी उभी होती. तोंडावर राग नाही, रडू नाही.

"दहावी फांदी तोडू का रे?" तिनं विचारलं. "ही बघ, ही चांगली वाटतेय. लगेच मूळ धरेल."

हॉलिसनं झाडाकडे पाहिलं. वरच्या एका पानाआड, हंगाम सरल्यावर राहून गेलेला एक अंजीर होता. त्यानं तिच्या हातातली कात्री घेतली आणि आत नेऊन खणात ठेवली.

गुरुवारी तो गेला, आणि कल्पेपरला सगळं खरं सांगून टाकलं. मुंग्या, मुरंबा, पाव, एकही गोष्ट गाळली नाही. कल्पेपरनं डोळे बारीक केले. चाळीस वर्षांत इतका पक्का माणूस आपण पाहिला नाही, असं म्हणून त्यानं पगार चौपट केला. हॉलिसनं पँटचा पाय वर करून चावे दाखवले. कल्पेपरनं तळ्यात होडीही दिली.

"मी येणार नाही," हॉलिस म्हणाला. "माझं झाड आहे तिकडं."

झाड हीसुद्धा काही खूण असावी, असं वाटून कल्पेपरनं ते टिपून घेतलं. "माणूस येत नसेल तर निदान खुणा तरी दे," तो म्हणाला. मग हॉलिसनं चित्रण लावून एकेक जागा दाखवली. इथं पहिली चावली, डावी मांडी. इथं दुसरी, मान. हा गुडघा, तिसरी. कल्पेपरच्या माणसानं 'मुंगी एक, मुंगी दोन' असं मोत्यासारख्या अक्षरात सगळं लिहून घेतलं. हॉलिस एक शब्दही खोटं बोलला नाही.

बड्या विद्यापीठाला नाही म्हणणारा माणूस पिकेट्स बेंडनं कधी पाहिला नव्हता. बकनं दुसऱ्या दिवशी पाच वर्षांच्या कराराचा कागद पुढं केला. त्या मोसमातल्या उरलेल्या सामन्यांत हॉलिसनं अंग झोकून खुणा केल्या, पोरांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि टीम एकदाही हरली नाही.

पुढच्या ऑक्टोबरात, सुट्टीच्या एका शनिवारी, दोघं टीव्हीपुढं बसली होती. झाडाला त्या साली दोनशे अंजीर लागले होते आणि फडताळात बरण्यांना जागा नव्हती. टीव्हीवर बड्या विद्यापीठाचा नवा बचावाचा कोच मैदानाच्या कडेला उभा होता. त्यानं डावी मांडी थोपटली. मान चोळली. गुडघा झटकला. टोपीनं पाठ झोडली, आणि थंडीत कुडकुडत पाण्याचं पिंप अंगावर ओतून घेतलं. त्याची अकरा पोरं प्रत्येक खुणेकडे डोळ्यांत तेल घालून बघत होती, आणि समोरचे त्यांच्या शेजारून निवांत धावत जात होते. चाळीस गुणांनी मागं पडल्यावर त्या बिचाऱ्याचा हात पट्ट्याकडे गेला.

हॉलिसनं मान फिरवली. वर्नेलनं पावावर मुरंबा घेतला, जरा पुढं वाकून त्या माणसाच्या मागच्या खिशाकडे नीट निरखून पाहिलं.

"पाक चुकलाय ह्याच्या बायकोचा," ती म्हणाली. "घट्ट झाला असणार."