साबणाच्या कंपनीचे मालक

सावकाशरावांनी वयाच्या बावन्नाव्या वर्षी गुंतवणूक सुरू करायचं ठरवलं, त्याला कारण ऑफिसातल्या टायपिस्टबाई. (सावकाशराव हे अर्थातच टोपणनाव. ते जन्मनोंदणीच्या खिडकीवर बसत आणि त्यांच्याकडून दाखला मिळेपर्यंत बाळ चालायला लागतं, अशी त्यांची ख्याती होती.) बाई डबा खाताना सहज म्हणाल्या, "शेअर विकले आणि वॉशिंग मशीन घेतलं." सावकाशरावांचा घास घशातच अडकला. त्यांचे पैसे तीस वर्षं बँकेत नुसते लोळत पडले होते.

त्याच संध्याकाळी मुलीने त्यांना मोबाइलवर खातं उघडून दिलं. "बाबा, थोड्याच पैशांनी सुरुवात करा. आणि जो धंदा समजतो, त्याच कंपनीचे शेअर घ्या."

"आणि बुडाले तर?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"साबणाची कंपनी घेतोय. लोक आंघोळ थोडीच सोडणार आहेत?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी हिरव्या कागदातल्या साबणाच्या कंपनीचे पाच शेअर घेण्याचं बटण दाबलं आणि त्यांची चालच बदलली. घरातला जुना साबण हद्दपार झाला. नव्याला फिनेलचा वास येतो, असं बायकोचं म्हणणं पडलं. तो आरोग्याचा वास आहे, असं मालकांचं.

रविवारी दोघं सुपरमार्केटात गेली. बायको भाजीकडे वळली आणि सावकाशराव तडक साबणांकडे. पाहतात तर त्यांचा साबण अगदी खालच्या फळीवर, झाडूंच्या शेजारी. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इकडेतिकडे बघत त्यांनी दुसऱ्यांच्या वड्या खाली नेल्या आणि आपल्या वर मांडायला घेतल्या.

"कंपनीकडून आलात का?" मागून आवाज आला. दुकानाची सुपरवायझर हातात रजिस्टर घेऊन उभी होती.

"हो. म्हणजे कंपनी माझीच आहे. थोडीशी."

तिने 'हो' एवढंच ऐकलं. "तीन दिवस फोन करतेय, माणूस पाठवा म्हणून. इथे नाव, नंबर लिहा. एप्रन तिकडे आहे. मागे बावीस खोकी पडलीत."

खरं सांगायचं तर तिथेच खुलासा करता आला असता. पण सावकाशरावांनी सवयीने रजिस्टरमध्ये वळणदार अक्षरात नाव आणि नंबर लिहिला, आणि सही केल्यावर माघार घेणं त्यांच्या तत्त्वात बसेना. घरात पाण्याचा तांब्याही न उचलणारा हा माणूस दीड तास खोकी फोडत होता. विशेष म्हणजे त्यांना ते आवडलंही. रांगा एका रेषेत लागल्या, कागदावरची नावं सगळी एका दिशेला आली. एका आजींनी विचारलं, "कसा आहे हो हा साबण?"

"उत्तम. आमच्या घरी सगळे हाच वापरतात."

"सगळे नाही," आजींच्या मागून बायको म्हणाली. हातातली पिशवी खाली ठेवून तिने नवऱ्याचा एप्रन खालीवर न्याहाळला. "मी तुम्हाला पार्किंगमध्ये शोधतेय. हे काय चाललंय?"

"गुंतवणुकीवर लक्ष ठेवतोय."

घरी आल्यावर मुलीने मोबाइलवर त्यांचं खातं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "बाबा, ऑर्डरमध्ये भाव तुम्ही स्वतः टाकला होता?"

"जरा घासाघीस केली. पहिल्या भावाला कोण घेतं?"

"त्या भावाला कोणी विकलेच नाहीत. ऑर्डर त्याच दिवशी रद्द झाली. तुमच्याकडे एकही शेअर नाही."

बायको इतकी हसली, की तिला खुर्चीचा आधार घ्यावा लागला. शेवटी सावकाशरावही हसले. सोमवारी त्यांनी मुलीसमोर, बाजारात चालू असलेल्या भावाने पाच शेअर घेतले आणि खात्यात दिसेपर्यंत मोबाइल खाली ठेवला नाही. त्यांच्या जिवाला फार बरं वाटलं.

शुक्रवारी सुपरवायझरचा फोन आला. "काका, कंपनीत चौकशी केली. ते म्हणतात, या नावाचा माणूस आमच्याकडे नाही. मग तुम्ही कोण?"

सावकाशरावांनी घसा साफ केला. या वेळी सांगायला खरोखरच काहीतरी होतं. "मी त्या कंपनीचा भागधारक आहे. पाच शेअर आहेत माझे."

पलीकडे रजिस्टरचं पान उलटल्याचा आवाज आला.

"पाच," ती म्हणाली. "म्हणजे या रविवारी मोकळेच असाल ना?"