अभयकाकांची टॉर्च

आमच्या तुळिंजच्या बिल्डिंगीत तळमजल्यावर राहणारे अभयकाका पालीला घाबरायचे, ढगांना घाबरायचे, गॅसच्या सिलिंडरलाही घाबरायचे. नवीन सिलिंडर लावायला मला हाक मारायचे आणि स्वतः बाहेर जाऊन उभे राहायचे. "काही झालं तर?" हे त्यांचं पालुपद. यांचं नाव अभय ठेवणाऱ्या आत्याबाईंना एकदा भेटायला हवं होतं!

त्यातही कुत्र्यांची भीती सगळ्यांत मोठी. लांबून शेपटी दिसली तरी हा गृहस्थ मिळेल त्या दुकानात शिरायचा, मग ते लेडीज टेलरचं का असेना.

मला नोकरी लागली ते लोडशेडिंगचे दिवस. मी परतायचे नेमकी त्याच वेळी वीज जायची आणि नाक्यापासूनची गल्ली ठार काळोखी. आईने सरळ सांगितलं, "अंधारात एकटी येणार असशील तर नोकरी सोड." मी रडून घर डोक्यावर घेतलं. भिंती पातळ, त्यामुळे सगळ्या बिल्डिंगीला कळलं.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर अभयकाका टॉर्च घेऊन उभे. "बरी भेटलीस गं बाई! इसबगोल आणायला आलो नि वीज गेली. पुढे कुत्री बसलीत. मला घरापर्यंत सोडतेस?"

सोडलं. पुढे तीन वर्षं त्या माणसाला रोज संध्याकाळी काही ना काही आणायचं असायचं. कुत्रं भुंकलं की माझ्या पर्सचा पट्टा घट्ट धरायचे. मी ऐटीत "हाड!" करायचे. सोबत मिळाली म्हणून आई गप्प बसली, नोकरी टिकली.

लग्न ठरल्यावर काकूंनी मला केळवणाला बोलावलं. मी जेवता जेवता म्हटलं, "आता काकांना घरी कोण सोडणार?"

पुरी लाटता लाटता काकू थांबल्या. "आता कशाला उतरतायत हे! तुझ्याआधी कधी दिवेलागणीनंतर उतरले होते? लहानपणी कुत्रं चावलंय, पोटात चौदा इंजेक्शनं घेतलीत. रोज देवापुढे उभे राहायचे, मग टॉर्च उचलायचे. म्हटलं, मी जाते. तर म्हणाले, पोरगी अवघडेल. मला सोडायला लागलं तर तिला ओझं वाटायचं नाही."

मी उठून काकांच्या पाया पडले, त्या आत्याबाईंच्याही मनातल्या मनात पडले.

काका भलतीकडेच बघत होते. मग त्यांनी ती टॉर्च माझ्यापुढे केली. "सासरी ने. सेल नवे घातलेत."

"काका, दादरला कुठे वीज जाते?"

"असू दे गं," ते म्हणाले. "काही झालं तर?"