दळ घटत नाही

माझा मुळात कुणावरच विश्वास नाही. (कडोदऱ्याच्या लूम कारखान्यात ताग्यांवर नजर ठेवायची नोकरी, विश्वास ठेवायचा पगार मिळत नाही.) म्हणून परवा आमची नववीतली मुलगी धनश्री तिच्या गुजराती शाळेच्या पुस्तकातून मोठ्यानं घोकू लागली, तेव्हा माझे कान टवकारले.

"दळनुं सर्जन थतुं नथी, दळनो नाश थतो नथी."

म्हणजे दळण वाढतही नाही नि घटतही नाही! आणि आमचं कळण्याचं दळण ठाकोरभाईच्या चक्कीवरून दर खेपेला हलकं होऊन येतं. अरे चोरा!

"आज दळायला मी जातो," मी म्हणालो.

"भांडू नका हं," माझी बायको वर्षा घाबरली. "उडीद घातलेली ज्वारी अख्ख्या लिंबायतमध्ये तो एकटाच दळून देतो. तो रुसला, तर कळण्याच्या भाकरीला मुकाल." आणि ती माझ्या मागोमाग आली. (तीही संशयीच, फक्त माझ्याबाबतीत.)

चक्कीवर मी आधी ज्वारी तोलायला लावली. मग जिथून पीठ पडतं तिथेच तोंड घालून उभा राहिलो.

"भाई, आघा खसो," ठाकोरभाई म्हणाला.

मला दूर का करतोय? मी आणखी पुढे सरकलो.

पीठ तोललं. कमी! "कुठे गेलं?" मी गरजलो.

"लोट ऊडे ने, भाई!"

"पीठ उडतं म्हणे! दळ घटत नाही, पुस्तकात छापलंय!"

ठाकोरभाईनं चक्कीच बंद केली. "उठाव डब्बा. कल से तमारा उडदवाला नहीं दळूंगा."

"तुम्हनं डोकं फिरनं का काय?" वर्षा रडवेली झाली. तिनं धनश्रीला फोन लावला, तोही स्पीकरवर, नि सगळं सांगितलं.

"पप्पा, गुजरातीत दळ म्हणजे वस्तुमान! केमिस्ट्रीचं आहे ते!"

रांगेतल्या बायका खो खो हसल्या. पण मी माघार घेतो होय? "असू दे! मग कमी पडलेलं पीठ कुठाय?"

"तिथेच असणार, पप्पा. उडून कुठे बसलंय ते बघा. तेही मोजायचं असतं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. भुवया पांढऱ्या, मिशी पांढरी, केस तर विचारूच नका.

वर्षानं माझी मान डब्यावर वाकवली आणि केस खसाखसा झटकले. ठाकोरभाईला हसू आवरेना. त्यानं पुन्हा बटण दाबलं.

"रागावू नका, भाई," वर्षा त्याला म्हणाली. "लग्नापासून आज पहिल्यांदाच यांच्या डोक्यातून काहीतरी कामाचं निघालंय!"