एकत्र प्रार्थनेचा खटाटोप

दर रविवारी सकाळी घड्याळवाले नवरा-बायको घराच्या फाटकापर्यंत जोडीनं येत. मग घड्याळवाले डावीकडे वळत आणि बाई उजवीकडे. मुलांची लग्नं झाली तरी यांची रविवारची वाट काही एक झाली नाही. घड्याळवाल्यांच्या चर्चची मंडळी उभी राहून, हात वर करून, खड्या आवाजात प्रार्थना करणारी; बाईंची गुडघे टेकून, मनातल्या मनात. प्रभू एकच, पण फाटकाबाहेर पाऊल टाकलं की रस्ते दोन. एकदा तरी नवऱ्याच्या शेजारी प्रार्थनेला बसायला मिळावं, एवढंच बाईंचं मागणं होतं.

म्हणून त्यांनी दोन्ही चर्चच्या पाळकांना चहाला बोलावलं आणि एकत्र प्रार्थनेची गोष्ट काढली. दोघंही आनंदानं हो म्हणाले. आनंद पहिल्या घोटापर्यंत टिकला.

"सगळे उभे राहू या," घड्याळवाल्यांचे पाळक म्हणाले.

"उभे? देवापुढे आहोत की बसथांब्यावर?" बाईंच्या पाळकांनी विचारलं.

"आणि तुमचं पुटपुटणं देवाला ऐकू कसं जायचं?"

"देव बहिरा नाही हो!"

चहाची चवच गेली. शेवटी "ज्यानं त्यानं आपापल्या रीतीनं करावं" असं ठरलं. तेही बाईंनी कपबशा उचलायला घेतल्या म्हणून.

पण बाईंना राहवेना. त्यांनी आपल्या मंडळीला हळूच गळ घातली, "एक दिवस आपणच नमतं घेऊ. त्यांच्यासारखे उभे राहू. यांना मात्र सांगू नका हं, चकित होऊ देत."

ठरल्या दिवशी शाळेचं सभागृह भरलं. "प्रार्थना करू या," अशी हाक येताच बाईंची मंडळी ताडकन उठली. हात वर गेले. सवय नसल्यानं "हालेलुया" खोकल्यासारखा निघाला. त्याच क्षणी समोरची सगळी मंडळी धपाधप गुडघ्यांवर बसली आणि चिडीचूप झाली.

बाई हात वर करून बघतच राहिल्या.

"आमची टिंगल करता?" गुडघ्यांवरचे पाळक कडाडले.

"टिंगल तुम्ही करताय! तोंड वाकडं करून बसलाय!"

"अहो, गुडघे दुखताहेत आमचे!"

"पुरे करा! दोघांनीही प्रेमानंच केलंय!" बाई कळवळून म्हणाल्या. ऐकतो कोण? भांडण दारातून पटांगणात गेलं. थोड्या वेळानं तिथून आवाज आला, "मुळात ही कल्पना कोणाची?"

"बाईंची!" दोन्ही मंडळ्या एका सुरात म्हणाल्या. इतकं एकमत आजवर कधी झालं नव्हतं.

आत घड्याळवाले अजून गुडघ्यांवरच होते.

"अहो, उठा आता. सगळ्याचं वाटोळं झालंय."

"उठता आलं असतं तर मीही बाहेर भांडत नसतो का? गुडघा धरलाय."

"मग बसलातच कशाला?"

"तुला बरं वाटावं म्हणून. आमच्या लोकांना मीच भरीला घातलं."

बाईंनी कपाळाला हात लावला. "आणि आमच्यांना मी!"

त्यांनी नवऱ्याला ओढून पाहिलं, ढकलून पाहिलं. जागचे हलेनात. शेवटी त्या शेजारी फरशीवर पाय पसरून बसल्या.

"आता?" घड्याळवाल्यांनी विचारलं.

"आता प्रार्थना. गुडघा सुटेपर्यंत."

"मोठ्यानं की मनात?"

बाहेर कुणीतरी कुणाच्या तरी बाप्तिस्म्यावर घसरलं होतं. बाईंनी उसासा टाकला आणि डोळे मिटले.

"मोठ्यानंच करा. देवाला नाही, पण या लोकांना कमी ऐकू येतं."