दुपारच्या जेवणाचा तुलनात्मक तक्ता

शहरातल्या चार दिवसांच्या सुट्टीचा शेवटचा दिवस उजाडला, तेव्हा कुटुंबाचं एकच काम शिल्लक होतं : जेवणे. गाडी सव्वातीनची होती.

कुटुंबप्रमुख एका मोठ्या कार्यालयात खरेदी अधिकारी होते. तीन ठिकाणची माहिती मागवून तुलनात्मक तक्ता केल्याशिवाय टाचण्यांचा डबासुद्धा घ्यायचा नाही, हे व्रत त्यांनी बावीस वर्षं निष्ठेने पाळलं होतं. पहिले तीन दिवस प्रेक्षणीय स्थळांच्या वेळापत्रकात जेवणाचा रकानाच राहून गेल्यामुळे कुटुंबाने बिस्किटांवर निभावलं. मात्र सोबत आलेल्या आपल्या आत्याला त्यांनी शब्द दिला होता, "शेवटच्या दिवशी तू म्हणशील तिथे जेवू."

आत्या बत्तीस वर्षं इस्पितळाच्या स्वयंपाकघरात राबली होती. चारशे रुग्णांची ताटं गरम जायची. तिचं स्वतःचं जेवण मात्र उभ्याने, गार, पातेल्याच्या तळाशी उरलेलं. दुसऱ्या कुणी तरी रांधलेलं गरमागरम अन्न एकदा खाली बसून खावं, एवढीच तिची इच्छा होती.

साडेअकराला सामानासह मंडळी लॉजचा जिना उतरली. खालीच सूप-पाव देणारी सहा टेबलांची खानावळ होती. आत कांदा परतला जात होता. आत्याने डोळे मिटून एक लांब श्वास घेतला.

"इथेच बसू या रे. चार दिवस सकाळी या वासाने जाग येतेय मला."

"बसू ना, आत्या," अधिकारी प्रेमाने म्हणाले, "पण हे झालं क्रमांक एक. अजून दोन ठिकाणं पाहिल्याशिवाय हे चांगलं आहे, असं म्हणता येणार नाही."

"अरे, भूक लागलीय मला."

"त्याची नोंद घेतली आहे."

कन्येने फोनवर शोध घेतला. क्रमांक दोन नदीपलीकडे निघालं. तिथे अधिकाऱ्यांनी वाढप्याकडे प्रत्येक पदार्थाचा चमचाभर नमुना मागितला. वाढप्याने व्यवस्थापकाला बोलावलं. व्यवस्थापक म्हणाला, "साहेब, नमुना आवडला तर ते जेवण, नाही आवडला तर ते फुकट. आमच्याकडे मधला प्रकार नाही." कन्येने टेबलक्लॉथ, खिडकी आणि मिठाची डबी यांचे फोटो घेतले. चवीच्या रकान्यात 'माहिती अप्राप्त' असं लिहून मंडळी उठली. साडेबारा वाजले होते.

क्रमांक तीन शहरात सर्वांत नावाजलेलं होतं. तिथे दारातच टोकन मिळालं : चौऱ्याऐंशी. आत एकतिसावं चालू होतं.

"इथलं खाऊन आलेला एकही माणूस दिसत नाही," पत्नी कुजबुजली. "सगळे रांगेतच आहेत."

"म्हणजे दर्जा असणारच," अधिकारी म्हणाले.

दारावरच्या मुलीने एक सोय सांगितली. जेवणाचा अभिप्राय आत्ताच दिला, तर रांगेत वीस क्रमांक पुढे जाता येईल. अधिकाऱ्यांनी पेन काढलं. चव : उत्कृष्ट. वाढप : तत्पर. पुन्हा याल का : अवश्य.

आत्या खांद्यावरून वाचत होती. "अरे, तू जेवलास कधी?"

"हा प्रशासकीय अभिप्राय आहे, आत्या. त्याचा जेवणाशी थेट संबंध नसतो."

"देवाने भूक दिली ती पोटाला, बाबा. तक्त्याला नाही." एवढं बोलून आत्याने पिशवी अधिकाऱ्यांच्या पत्नीच्या हाती दिली. "मी जरा हात धुऊन येते."

पावणेदोनला पंचावन्नावं टोकन चालू होतं. इतरांनीही अभिप्राय दिल्यामुळे सगळेच वीस क्रमांक पुढे गेले होते आणि रांगेतला क्रम होता तोच राहिला होता. अधिकाऱ्यांनी तिथेच उभ्याने, सुटकेसवर कागद ठेवून तक्ता पूर्ण केला. अंतर, स्वच्छता, प्रतीक्षा, वास. बेरीज दोनदा तपासली. क्रमांक एक विजयी ठरलं.

"अहो, हे तर आत्यांनी साडेअकरालाच सांगितलं होतं," पत्नी म्हणाली.

"ते मत होतं. हा निर्णय आहे." त्यांनी सह्यांसाठी कागद फिरवला. "आत्या कुठेय?"

आत्या हात धुऊन परतली नव्हती. तिच्या नावापुढे त्यांनी 'गैरहजर. संमती गृहीत' असं लिहिलं आणि सगळे धावत निघाले.

खानावळीत कोपऱ्यातल्या टेबलापाशी आत्या बसली होती. खुर्चीवर, पाठ टेकून. तिने पावाच्या शेवटच्या तुकड्याने वाडगा पुसून घेतला, तुकडा तोंडात घातला, डोळे मिटून क्षणभर हात जोडले. खानावळवाली पदराने घाम पुसत बाजूला उभी होती.

"तीन सूप, तीन पाव," अधिकारी धापा टाकत म्हणाले.

"संपलं की हो. शेवटचा वाडगा यांनीच घेतला," खानावळवाली म्हणाली. "दोनदा वाढून घेतलं. कांदा कितपत परतायचा, यावर आमचं भांडणही झालं."

अधिकाऱ्यांनी तक्ता काढला. निदान चवीचा रकाना तरी भरायला हवा होता. "कसं होतं, आत्या?"

आत्याने विचार केला. तिचे डोळे भरून आले होते.

"गरम होतं रे," ती म्हणाली.

असा रकाना तक्त्यात नव्हता.

गाडीत बसल्यावर तिघांनी उरलेली बिस्किटं खाल्ली आणि आत्या खिडकीला डोकं लावून झोपली. अधिकाऱ्यांनी मात्र त्या सुपाचा तीन पानी अहवाल लिहिला : वास, वाफ, वाडग्याचा रंग, सगळं खुलासेवार. कन्येने तो फोटोंसह सगळीकडे पाठवला. शेकडो लोकांना तो फार आवडला. बहुतेकांनी तो जेवतानाच वाचला, डाव्या हातात फोन धरून.

तुम्हीही हे तसंच वाचत असाल, तर इथे थांबलात तरी चालेल. अभिप्राय नंतर कळवा. समोरचं ताट गार होतंय, आणि ते कुणी तरी तुमच्यासाठी गरम वाढलं होतं.